सतरंजी गुंडाळल्यानंतरचा योग

जूनच्या मध्यावर शाळा उघडते आणि आठवडा होतो न होतो तोच २१ तारखेचा योग दिन येतो. निम्म्या पोरांचे गणवेश आलेले नसतात, पहिलीतली मुलं अजून फाटकातल्या आईकडे बघून रडत असतात आणि मैदानावर चिखल असतो. मी ज्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते, तिथे त्या सकाळी आम्ही व्हरांड्यात सतरंज्या अंथरल्या होत्या. सतरंज्या सहा आणि मुलं नव्वदच्या वर. नऊच्या आत फोटो केंद्राच्या ग्रुपवर टाकायचा होता, म्हणून मी मुलांच्या रांगा लावल्या. ज्यांचं अंग चांगलं वाकतं ती पुढे, गणवेशातली पुढे, बाकीची मागे. सहावीत एक मुलगा होता, त्याचा डावा पाय जन्मापासून बारीक. तो हौसेने सर्वांच्या आधी येऊन पहिल्या सतरंजीवर बसला होता. मी त्याला म्हटलं, "बाळा, तू मागं भिंतीला टेकून बस. तुला त्रास व्हायला नको." आवाज अगदी मायेचा होता. तो उठला आणि खांबांचा आधार घेत घेत मागे गेला.

मग प्रार्थना झाली. योग दिनाचा जो ४५ मिनिटांचा ठरलेला कार्यक्रम आहे, त्याची सुरुवात ऋग्वेदातल्या मंत्राने होते. 'संगच्छध्वं संवदध्वं सं वो मनांसि जानताम्.' बरोबर चला, एकमेकांशी बोला, तुमची मनं एक होऊ द्या. नव्वद मुलांनी तो मंत्र माझ्यामागून म्हटला. फोटो छान आला, ग्रुपवर कौतुक झालं. फोटोत तो मुलगा नव्हता.

पुढे गुडघे दुखायला लागले म्हणून मी तालुक्याच्या गावी एका योगवर्गाला जाऊ लागले. तिथले गुरुजी म्हातारे, आसनं थोडीच घ्यायचे. पण आठवड्यातून एकदा पतंजलींची योगसूत्रं आणि त्यांवरची जुनी टीका, म्हणजे व्यासभाष्य, वाचायला बसवायचे. एका गुरुवारी आसनाच्या सूत्रावर आलो. भाष्यात आसनांची नावं दिली आहेत. पद्मासन, वीरासन, भद्रासन, स्वस्तिक, दंडासन आणि त्याच ओळीत 'सोपाश्रय'. सोपाश्रय म्हणजे आधार घेऊन बसणं. जुन्या टीकाकारांनी तिथे पट्ट्याच्या आधाराने बसण्याची रीत सांगितली आहे. यादीच्या शेवटी आहे 'यथासुख', म्हणजे ज्याला जसं सुखाचं होईल तसं. गुरुजी पुढे वाचत गेले. मला मात्र व्हरांड्यातली ती भिंत दिसत राहिली. त्या मुलाचं बसणं शास्त्रात बसत होतं. माझं वागणं बसत नव्हतं.

तेव्हापासून एक गोष्ट मला ठामपणे वाटत आली आहे आणि आज ती मांडायची आहे. आपण योग तिसऱ्या पायरीपासून शिकवतो. पहिल्या दोन पायऱ्या गाळल्यामुळे वरच्या पायऱ्या चढता येतच नाहीत, आणि जे शिल्लक राहतं तो एक उत्तम व्यायाम असतो. व्यायाम म्हणून त्याचं मोल मोठं आहे, पण त्याला योग म्हणू नये. निदान मुलांना तरी हाच योग असं सांगू नये.

पतंजलींनी योगाची आठ अंगं सांगितली: यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी. हे आठ शब्द आपल्यापैकी पुष्कळांना पाठ असतात. पण ग्रंथात कशाला किती जागा दिली आहे, हे फारसं कुणी मोजत नाही. १९५ सूत्रांच्या त्या छोट्या ग्रंथात आसनावर ३ सूत्रं आहेत. यम आणि नियम यांच्यावर १६. अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणं), ब्रह्मचर्य, अपरिग्रह (साठा न करणं) हे पाच यम. शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान हे पाच नियम. आसनाची व्याख्या दोनच शब्दांत उरकली आहे, 'स्थिरसुखम्'. जे स्थिर आहे आणि सुखाचं आहे ते आसन. पुढचं सूत्र सांगतं की ते साधतं प्रयत्न सैल सोडल्याने आणि मन अनंताशी लावल्याने. त्यापुढचं सांगतं की मग द्वंद्वांचे तडाखे बसत नाहीत, म्हणजे थंडी-ऊन, मान-अपमान यांनी माणूस हेलकावत नाही. पाय मानेमागे नेण्याचा तिथे विषयच नाही.

यावर कुणी म्हणेल, यमनियम म्हणजे शेवटी नीतीच्याच गोष्टी. खरं बोलावं, चोरी करू नये, हे तर आजीही सांगायची. त्यासाठी योग कशाला? मलाही आधी असंच वाटायचं. नीतीचा धडा म्हणून पाहिलं तर यम कोरडेच वाटतात. पण पतंजलींनी ते चांगलं माणूस होण्यासाठी म्हणून सांगितलेले नाहीत. त्यांचा प्रश्न अगदी नेमका आहे: मन शांत कसं होईल? 'योगश्चित्तवृत्तिनिरोधः.' चित्तात उठणाऱ्या लाटा निवणं म्हणजे योग. यम हे त्या लाटा मुळाशी थांबवण्याचं साधन आहे.

हे कुणालाही स्वतःवर पडताळून पाहता येईल. एखाद्याकडून उसने पैसे घेतलेत आणि महिनाभर त्याला चुकवत आहात, असं समजा. पहाटे पाचला उठून पद्मासन घातलंत, पाठ ताठ, डोळे मिटलेले. मन कुठे जाईल? आज त्याचा फोन आला तर काय सांगायचं, तिथेच. काल कुणाला खोटं बोललात तर त्या खोट्याला सांभाळायला आणखी दोन खोटी तयार ठेवावी लागतात, आणि ती जुळवाजुळव डोळे मिटल्याबरोबर सुरू होते. जावेशी भांडण झालं असेल तर श्वास मोजता मोजता तिचे शब्द ऐकू येतात आणि आपण काय बोलायला हवं होतं ते सुचत राहतं. पतंजलींनी चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या, त्यांत स्मृतीही एक आहे. दिवसभर जे केलं तेच पहाटे समोर येऊन बसतं. म्हणून आधी दिवस बदला, असं यम सांगतात. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, कुणाचं लुबाडलेलं नाही, कुणाचं वाईट चिंतलेलं नाही, त्याला डोळे मिटून बसणं आपोआप सोपं जातं. बाकीच्यांनी कितीही प्राणायाम केला तरी तळातून गढूळ वर येतच राहणार.

अपरिग्रहाबद्दल व्यासभाष्यात एक वाक्य आहे, ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. विषय मिळवण्यात कष्ट, मिळाले की राखण्यात कष्ट, गेले की दुःख, आहेत तोवर गुंतवळ, आणि या सगळ्यात कुणाची तरी हिंसा. हे दोष पाहून नको म्हणणं म्हणजे अपरिग्रह. ज्याने कधी बँकेच्या लॉकरची किल्ली हरवल्याची रात्र काढली आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. आता मात्र योगाच्याच नावाने चटई, कपडे, डोंगरातली महागडी शिबिरं असं विकत घेण्याचं नवं सामान तयार झालं आहे. मला त्याचं वाईट वाटतं. गुरुजींच्या वर्गात घरून आणलेल्या गोधड्या होत्या आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

यमांना पतंजली 'सार्वभौम महाव्रत' म्हणतात. अट एकच: जाती, देश, काल आणि समय यांच्या कुंपणाने ते तोडता कामा नयेत. जाती म्हणजे इथे जन्माने मिळालेला गट, आणि समय म्हणजे प्रसंगापुरता केलेला करार. भाष्यकाराने उदाहरणं दिली आहेत ती थेट आपल्या गल्लीतली वाटतात. कोळी म्हणतो, मी फक्त मासे मारीन, बाकी कुणाला नाही. कुणी म्हणतो, तीर्थक्षेत्री मारणार नाही. कुणी म्हणतो, चतुर्दशीला मारणार नाही. कुणी म्हणतो, देवब्राह्मणांसाठी मारीन, एरवी नाही. ही सगळी व्रतं खरी, पण अर्धी. आपणही श्रावणात, सोमवारी, संकष्टीला काही गोष्टी पाळतो आणि दुसऱ्या दिवशी सोडतो. देवळाच्या पायरीवर खोटं बोलत नाही, दुकानाच्या गल्ल्यावर चालतं. आपल्या माणसाशी नीट वागतो, परक्याशी कसंही. मोलकरणीचा कप वेगळा ठेवणारं घर पहाटे सूर्यनमस्कारही घालतं, आणि त्या दोन गोष्टी एकमेकींना छेदतात हे त्या घराला जाणवतही नाही. सूत्राने नेमकं हेच कुंपण काढायला सांगितलं आहे. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथात, जन्माच्या गटावरून वागणूक बदलली तर ते व्रतच नव्हे, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. योगाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे सूत्र आधी वाचावं.

त्याच्यापुढचं एक सूत्र तर मला आजच्या काळासाठीच लिहिल्यासारखं वाटतं. हिंसा तीन प्रकारची, कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि दुसऱ्याने केली तिला होकार दिलेली. ती लोभातून होते, रागातून होते किंवा मोहातून होते. आणि सौम्य, मध्यम किंवा तीव्र असते. भाष्यकार हे गुणत जातो. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, त्या प्रत्येकाच्या पुन्हा तीन पायऱ्या, असे हिंसेचे ८१ प्रकार. म्हणजे हिंसा किती दारांनी घरात शिरते याची त्याने यादी केली.

आपण स्वतः कुणाला मारत नाही, म्हणून आपण अहिंसक, अशी आपली समजूत असते. अनुमोदित हा शब्द ती समजूत मोडतो. माझ्या ओळखीच्या एका योगवर्गाच्या ग्रुपवर सकाळी साडेसहाला सूर्याचं चित्र आणि श्लोक येतो, आणि सात वाजता एखाद्या समाजाला झोडपणारा निरोप येतो. त्याखाली हात जोडलेली, अंगठ्याची चिन्हं पडतात. पाठवणारी आणि चिन्हं टाकणारी माणसं वाईट नाहीत, मी त्यांना ओळखते. कुणी आजारी पडलं तर डबा घेऊन जाणारी माणसं आहेत ती. पण त्यांना कुणी कधी सांगितलंच नाही की तो अंगठा योगाच्या विरुद्ध आहे. कपालभातीची आवर्तनं किती आणि कशी, हे मात्र सर्वांना सांगितलेलं आहे.

आता समोरची बाजू. ती हलकी नाही.

महाराष्ट्रात योग व्यायामाच्या अंगाने आला, त्याला कारण होतं. गुलामीच्या काळात शरीरं खंगलेली होती आणि देश उभा करायचा तर आधी पोरं उभी करायला हवीत, असं त्या पिढीला वाटत होतं. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळाशाळांत सूर्यनमस्कार नेला. स्वामी कुवलयानंद बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या व्यायामशाळेत घडले, मालसरच्या माधवदासजींकडे योग शिकले, आणि १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढून आसन-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो हे यंत्रं लावून तपासू लागले. त्याआधी १९१८ साली मुंबईत योगेंद्रजींनी संसारी माणसांसाठी योगाची संस्था सुरू केली होती. १९३७ साली विशीही न गाठलेले बी. के. एस. अय्यंगार पुण्यात डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आले आणि पुढे जगभरचे लोक आसनं शिकायला पुण्यात येऊ लागले. दोऱ्या, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या यांचा आधार देऊन त्यांनी आजारी आणि अपंग माणसांनाही आसनात बसवलं. मी व्हरांड्यात जे केलं त्याच्या नेमकं उलट. या लोकांनी शरीराला मान दिला आणि योग गुहेतून घरात आणला. त्यांचे उपकार विसरून 'आसनं म्हणजे योग नव्हे' असं नाक वर करून म्हणणं मला पटत नाही. माझे गुडघे आसनांनीच बरे झाले.

पुष्कळांचं म्हणणं असतं की माणूस पाठदुखीसाठी येतो, हळूहळू श्वासाकडे वळतो, मग मनाकडे. शरीर हे दार आहे. हे खरंही आहे. हठयोगाचा सगळा रस्ता तसाच आहे. पण हठयोगप्रदीपिका पहिल्याच श्लोकात सांगते की ही विद्या राजयोगाकडे, म्हणजे मनाच्या योगाकडे, चढण्याची शिडी आहे. त्याच ग्रंथात योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी दिल्या आहेत: अति खाणं, अति श्रम, बडबड, नियमांचा हट्ट, माणसांची गर्दी आणि मनाचा चंचलपणा. 'प्रयास', म्हणजे अंगाबाहेरची मेहनत, ही योग बुडवणारी गोष्ट म्हणून आसनांच्याच ग्रंथात नोंदलेली आहे. दार आहे हे मान्य, पण आम्ही मुलांना दारातच उभं करतो, फोटो काढतो आणि घरी पाठवतो. आत खोली आहे हे सांगतच नाही.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने योगासनाला स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता दिली. पदकं आली, गुण आले, पंच आले. गरीब घरातल्या मुलीला त्यातून शिष्यवृत्ती किंवा नोकरी मिळत असेल तर मी तिच्या बाजूने आहे. जिम्नॅस्टिक्ससारखाच तो देखणा आणि कष्टाचा खेळ आहे. फक्त तो खेळ आहे हे मुलांना स्वच्छ सांगावं. ज्या आसनाचं लक्षण 'प्रयत्न सैल सोडणं' असं सांगितलं आहे, त्यात शेजारच्यापेक्षा माझं जास्त वाकलं का हे बघायला शिकवलं, तर मूल चपळ होईल, पण द्वंद्वांच्या तडाख्यात पहिल्यापेक्षा जास्त सापडेल.

दुसरा आक्षेप धर्माचा. संयुक्त राष्ट्रांनी ११ डिसेंबर २०१४ रोजी योग दिनाचा ठराव केला, त्याला १७७ देश सहप्रस्तावक होते. इतक्या देशांना जो चालला, त्यावरून आपल्याकडे मात्र ओम म्हणायचा की नाही, सूर्याला नमस्कार घालायचा की नाही, यावर भांडणं झाली. शाळेत शिकवणाऱ्या बाईला त्या भांडणाची झळ लागते, कारण तिच्यासमोर सगळ्या घरांतली मुलं बसलेली असतात. मला वाटतं, हा वाद आपण तिसऱ्या पायरीपासून सुरुवात केल्यामुळे ओढवून घेतला. पहिल्या पायरीपासून सुरू केलं असतं तर कुणी हरकत घेतली असती? जैनांची पाच महाव्रतं आणि पतंजलींचे पाच यम अगदी तेच आहेत. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी पंचशील म्हटलं जातं. प्राणिहिंसा, चोरी, व्यभिचार आणि असत्य यांपासून दूर राहीन हे त्या मुलांना तोंडपाठ असतं. मशिदीत जाणाऱ्या आणि चर्चमध्ये जाणाऱ्या घरांनाही खोटं बोलू नये आणि कुणाचं हिरावून घेऊ नये हे परकं नाही. ज्याला 'सार्वभौम' म्हटलं आहे ते गाळलं आणि ज्यावरून मतं फाटतात तेच पुढे केलं, अशी आपली गत झाली.

यम सार्वजनिक जीवनात आणता येतात का, असं कुणी विचारलं तर उत्तर पुण्यातच आहे. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी आश्रमातल्या लोकांना दर आठवड्याला एकेका व्रतावर पत्रं लिहिली. पतंजलींचे पाच यम त्यांनी उचलले आणि त्यांत आपल्या काळाची भर घातली: शरीरश्रम, अस्वाद, अभय, सर्व धर्मांविषयी समभाव, स्वदेशी आणि अस्पृश्यतेचा त्याग. ती अकरा व्रतं पुढे प्रार्थनेत म्हटली जाऊ लागली, त्यांत शेवटचं व्रत आहे 'स्पर्शभावना', म्हणजे अस्पृश्यता न मानणं. जाती-देश-कालाचं कुंपण काढा असं जे सूत्र सांगत होतं, त्याचा त्या दिवसांतला अर्थ त्यांनी असा लावला. तो लावताना ते किती पुरे पडले यावर वाद होऊ शकतो, आणि तो व्हायलाही हवा. पण योगाची पहिली पायरी माणसांच्या व्यवहारात उतरवायची असते, हे त्यांना दिसलं होतं.

मराठी माणसाला खरं तर इतक्या लांब जायचीही गरज नाही. आपल्याकडे योगाची व्याख्या एका मुलीने करून ठेवली आहे. ज्ञानेश्वर नाथपरंपरेतले. गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तीनाथ अशी त्यांची गुरुपरंपरा. १२९० साली सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात त्यांनी कुंडलिनीचं जे वर्णन केलं आहे, ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. योगातलं त्यांना कळत नव्हतं असं कुणी म्हणू शकणार नाही. परंपरा सांगते की एकदा लोकांच्या निंदेने दुखावून ते झोपडीची ताटी लावून आत बसले. बाहेरून मुक्ताबाई उभी राहिली आणि म्हणाली,

योगी पावन मनाचा । साहे अपराध जनाचा ॥
विश्व रागे झाले वन्ही । संती सुखे व्हावे पाणी ॥

आतला माणूस शरीराने स्थिर असेल, श्वासही ताब्यात असेल. तरी तिने त्याला योगी कुणाला म्हणतात ते दाराबाहेरून सांगितलं. जो लोकांचे अपराध सोसतो तो. आणि मागणं काय केलं, तर 'ताटी उघडा'. मी हे अभंग वर्षानुवर्षं चौथी-पाचवीला शिकवले, चाल लावून म्हणवून घेतले. पण हे योगाबद्दल आहेत हे मला गुरुजींकडे जाईपर्यंत कळलं नव्हतं. ताटी लावून बसणं सोपं असतं. उघडून पुन्हा त्याच माणसांत, त्यांच्यावर न चिडता वावरणं, हा योग.

चौदाशे वर्षांचा चांगदेव वाघावर बसून, सापाचा चाबूक करून आला, ती गोष्टही आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. इतकी वर्षं शरीर टिकवलं, सिद्धी मिळवल्या, आणि मायना काय लिहावा हे न कळून ज्ञानेश्वरांना कोरा कागद पाठवला. त्यावर, इतकी वर्षं जगूनही हा कोराच राहिला, असं मुक्ताबाईच म्हणाली, असं सांगतात. सिद्धी या समाधीच्या वाटेतले अडथळे आहेत असं सूत्र आहे. आपल्या लोकांनी त्या सूत्राची गोष्ट केली आणि ती आजीच्या तोंडी ठेवली.

योग साधला की नाही हे ओळखायचं कसं, यावर पतंजलींनी जे सांगितलं आहे त्याचा मला फार आधार वाटतो. अहिंसा ज्याच्यात पक्की झाली, 'तत्सन्निधौ वैरत्यागः', त्याच्या जवळ येणाऱ्यांचं वैर गळून पडतं. खूण योग्याच्या अंगावर दिसत नाही, ती शेजारच्याच्या चेहऱ्यावर दिसते. म्हणजे वीस वर्षं योग करणाऱ्याने आपली प्रगती घरच्यांना विचारावी. सासू घरात आली की सून मोकळी बोलते का? साहेब आले की शिपायाचे खांदे आखडतात का? बाई वर्गात शिरल्या की मागच्या बाकावरचं मूल घाबरतं का? हा तपास कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा कठीण आहे आणि त्याला पैसाही लागत नाही.

तर शाळांत काय करावं? पहिलं म्हणजे, यम हा गुणांचा विषय करू नये. 'अस्तेय म्हणजे काय ते लिहा, गुण २' असं झालं की ते संपलं. मूल्यशिक्षणाच्या तासाचं आपण हेच करून ठेवलं. दुसरं, २१ जूनचा फोटो बंद करावा. फोटोची घाई गेली की कुणाला पुढे बसवायचं हा प्रश्नच जातो, आणि सहा सतरंज्यांवर नव्वद मुलं कशी मावतील ते मुलंच ठरवतात. तिसरं, वर्षातल्या बाकीच्या दिवसांकडे पाहावं. शाळेतला योग म्हणजे हरवलेली पट्टी सापडली की फळ्याजवळ आणून ठेवणं, खिचडीच्या रांगेत पहिलीतल्यांना पुढे सोडणं, चुकलेल्या उत्तरावर न हसणं. शिक्षकांसाठी तो आणखी कठीण आहे. गृहपाठ न आणलेल्या मुलाचा बाप काल पिऊन आला असेल हे लक्षात घेऊन आवाज खाली ठेवणं, आणि दुसऱ्या शाळेला पुरस्कार मिळाला की मनापासून आनंद होऊ देणं. त्याला सूत्रांत मुदिता म्हटलं आहे. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चारांत मला तीच सर्वांत अवघड जाते.

निवृत्तीच्या आधीची शेवटची दोन वर्षं मी शनिवारी शेवटच्या तासाला मुलांबरोबर जमिनीवर बसायचे. पाच मिनिटं डोळे मिटून, ज्याला जसं सुखाचं होईल तसं. मग फळ्यावर तीन शब्द लिहायचे: केलं, करवलं, चालवून घेतलं. आठवड्यात आपल्या हातून कुणाला काही लागलं असेल तर ते कशात येतं, एवढंच प्रत्येकाने मनात बघायचं. सांगायची सक्ती नव्हती. पहिले काही शनिवार कुणीच बोललं नाही, नुसती चुळबुळ. एकदा पाचवीतली एक मुलगी बसल्या बसल्या म्हणाली, "बाई, त्याला लंगड्या मी नाही म्हटलं. दुसऱ्यांनी म्हटलं. मी नुसती हसले. हसणं कशात धरायचं?"

मी उत्तर दिलं नाही, वर्गाला विचारलं. "तिसऱ्यात," दोन-तीन आवाज आले. एक मुलगा म्हणाला, "जोरात हसली असेल तर दुसऱ्यात, कारण मग ते आणखी चिडवतात." यावर बराच वेळ वाद चालला. कुणी कुणाचं नाव घेतलं नाही. शाळा सुटल्यावरही ती पोरं फाटकापाशी उभी राहून जोरात हसणं आणि हळू हसणं यांत फरक किती, हेच बोलत होती.